स्विफ्टचे टायर: दोन घ्यायचे की चार, आणि नवे पुढे टाकायचे की मागे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की २०१९ ची स्विफ्ट, वरचं मॉडेल, कंपनीतून आलेलेच टायर, ४४ हजार किमी झालेत, पुढचे दोन जवळपास गुळगुळीत पण मागच्यांवर नक्षी अजून चांगली दिसते. दुकानदार म्हणतोय दोनच नवे घ्या आणि पुढे टाका, वर १८५ रुंदीच्या ऐवजी १९५ चे घ्या, गाडी भारी दिसेल. मे महिन्यात समृद्धीने नागपूरला जायचंय आणि पावसाळ्यात कोकणात गावी. मी सातारा भागात टायर आणि अलाइनमेंटचंच (चाकांचे कोन नीट लावायचं) काम करतो, बरीच वर्षं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण ह्यातल्या प्रत्येक गोष्टीवर चुकीचा सल्ला सर्रास मिळतो आणि तो देणाराही बऱ्याचदा मनापासून देत असतो.

आधी सरळ उत्तर: चारही बदला, साईझ तीच ठेवा, आणि नागपूरला निघायच्या आधीच बदला, आल्यावर नाही.

चार का, तर मागच्या टायरवर नक्षी आहे म्हणून ते चांगले असं धरू नका. टायरच्या साईडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, समजा १२१९, म्हणजे २०१९ सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेला टायर. हा पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि फिटिंग करताना ती बाजू आत गेलेली असते, त्यामुळे बाहेरून दिसला नाही तर स्टीअरिंग पूर्ण वळवून किंवा खाली वाकून मोबाईलच्या टॉर्चने बघा. तुमची गाडी २०१९ ची म्हणजे टायर त्याच वर्षीचे किंवा आदल्या वर्षअखेरचे. गाडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, मिशेलिनसारखी कंपनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि वरून कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांवर वापरू नका म्हणते. पण आपल्याकडे गाडी दिवसभर उन्हात उभी असते आणि मेमधे रस्ता तापलेला, म्हणून हायवेला जाणाऱ्या गाडीला मी सहाच्या वर जाऊ देत नाही. गावात भाजी आणायला वापरायची असती तर गोष्ट वेगळी होती.

रबर म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं, तर त्यात मिसळलेली संरक्षक द्रव्यं हळूहळू संपतात, ऊन आणि हवेतला ओझोन त्याला कडक करतात. ड्रॉवरमधे राहिलेला रबर बँड ताणला की तुटतो ना, तोच प्रकार. नक्षीच्या खाचेच्या तळाशी आणि साईडवॉलवर बारीक बारीक भेगा दिसतात, बोट फिरवलं की कळतात. कडक झालेलं रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, मग खाच ५ मिमी शिल्लक असो की ६. आणि आतले थर एकमेकांना जे चिकटलेले असतात ती पकडही सैल होत जाते, ती मात्र बाहेरून अजिबात दिसत नाही. समृद्धीवर ताशी १२० ने तास दोन तास सलग चालवताना ह्याच थरांची परीक्षा होते.

पुढच्या दोघांबद्दल काही वादच नाही. खाचेच्या आत मधे मधे छोटे उंचवटे असतात, साईडवॉलच्या काठाला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो त्याच्या रेषेत बघितलं की सापडतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिमी उरले, कायद्याने कारला तेवढीच मर्यादा आहे, त्याखाली गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. नवीन टायरला खाच साधारण ७-८ मिमी असते. पण कोकणातला पाऊस कायदा वाचून पडत नाही, १.६ पर्यंत आलेला टायर पाणी बाजूला फेकू शकत नाही, माझ्या मते ३ मिमीला आलात की त्या पावसाळ्याआधी बदला. डेप्थ गेज म्हणून छोटं साधन मिळतं, फार महाग नाही, घरी ठेवा.

आता ज्यांचे टायर दोन-तीन वर्षांचेच आहेत आणि खरंच दोन बदलायचेत त्यांच्यासाठी मोठा मुद्दा: नवे टायर मागे टाका. इंजिनची ओढ पुढच्या चाकांना, स्टीअरिंग पुढे, ब्रेकचा जास्त भार पुढे, मग नवे पुढेच हवेत असं सगळ्यांना वाटतं, ऐकायला बरोबर वाटतं आणि दहातली आठ दुकानं तेच करतात. पण नीट विचार करा की ओल्या रस्त्यावर कुठलं चाक सुटलं तर काय होतं. पुढची चाकं पाण्यावर तरंगली तर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला लागते, स्टीअरिंग एकदम हलकं लागतं, तुम्हाला कळतं, तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, वेग कमी होतो आणि पकड परत येते. मागची चाकं सुटली तर आधी काही कळतच नाही. एकदम मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी गोल फिरते, आणि अशा वेळी घाबरून ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला तर वजन आणखी पुढे जातं, मागचं आणखी हलकं होतं, जास्तच फिरते. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या वळणावर, उतरताना, भर जुलैमधे हे झालं तर चांगल्या ड्रायव्हरलाही आवरत नाही. एबीएस ह्यात फार मदत करत नाही, ते चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, गाडी फिरायची थांबवायचं काम ईएसपीचं, आणि २०१९ च्या बहुतेक छोट्या गाड्यांत ईएसपी नाही. म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे, इंजिनची ओढ पुढच्या चाकांना असो की मागच्या. दुकानदार नाही म्हणाला तरी आग्रह धरा, त्याला फक्त दोन चाकं जास्त खोलायची आहेत. पुढे गेलेले जुने पुढच्या चाकांवर लवकर झिजतील, मग ते बदलताना पुन्हा नवे मागे. आणि एका ॲक्सलला (पुढच्या किंवा मागच्या जोडीत) एक नवा एक जुना, किंवा एका बाजूला एक कंपनी दुसऱ्या बाजूला दुसरी, असं कधीच करू नका, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

साईझबद्दल. तुमच्या टायरवर १८५/६५ आर १५ लिहिलंय. १८५ ही रुंदी मिमीमधे, ६५ म्हणजे साईडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. टायर बाहेरून किती मोठा, ते घरी कागदावर काढता येतं: १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, वर आणि खाली मिळून साईडवॉल २४०.५ मिमी, एकूण ६२१.५. आता गंमत बघा, तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, त्याचा हिशोब केला तर ६१९.६ येतं. बलेनोच्या वरच्या मॉडेलला १९५/५५ आर १६, त्याचं ६२०.९. रिम तीन वेगळ्या, पण बाहेरून चाक जवळजवळ तेवढंच, कारण कंपनीने गिअर, स्पीडोमीटर, सस्पेन्शन सगळं त्या व्यासावर बसवलेलं असतं. दुकानदार तुम्हाला १९५/६५ आर १५ देतोय त्याचं येतं ६३४.५, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर मोठं. स्पीडोमीटर तेवढाच मागे पडणार, पिकअप थोडा मरणार, स्टीअरिंग जड होणार, ॲव्हरेज कमी होणार, आणि पूर्ण वळवल्यावर किंवा पाच माणसं बसल्यावर आतल्या प्लॅस्टिकला घासायची शक्यता. एवढं सगळं कशासाठी, तर पाच मिमी रुंदी इकडे आणि पाच मिमी तिकडे. रुंद टायर म्हणजे पावसात जास्त पकड असंही नाहीये, उलट तेवढ्याच वजनाच्या गाडीला रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो. दाराच्या खांबावर जो स्टिकर आहे आणि मॅन्युअलमधे जी साईझ दिली आहे तीच घ्या. इन्शुरन्सच्या वेळी कुणी प्रश्न विचारणार नाही हा वेगळा फायदा.

साईझपुढे ८८ एच किंवा ८८ टी असं काहीतरी असतं. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंत, एच म्हणजे २१० पर्यंत. तुम्ही १९० ने जाणार नाही हे मला माहितीये, पण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसतो, म्हणून जुन्या टायरवर जे आहे त्याच्या खाली कधीच जाऊ नका, आकड्यातही नाही आणि अक्षरातही नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी तर हे जास्त बघायला हवं, बॅटरीचं वजन असतं आणि टॉर्क, म्हणजे ओढ, पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळते म्हणून टायर लवकर जातात.

कंपनी कुठली हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि माझ्या लेखी तो शेवटचा आहे. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके हे तालुक्याच्या गावीही मिळतात, वॉरंटी क्लेमचं काम जवळच्या जवळ होतं, हा मोठा फायदा. ब्रिजस्टोन, गुडइयर, मिशेलिन, योकोहामा ही नावं बाहेरची म्हणून कुणी इम्पोर्टेड सांगून जास्त पैसे मागितले तर साईडवॉलवर कुठे बनलाय ते वाचा, ब्रिजस्टोनचा कारखाना आपल्या चाकणला आहे, गुडइयरचा संभाजीनगरला. कुठलाही घेतलात तरी आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६३३ हा आकडा असलाच पाहिजे.

निवडताना माणसं विचारतात, किती किलोमीटर चालेल. मी उलटं विचारतो, पावसात किती धरेल. कारण जास्त किमी चालणारा टायर बनवायचा तर रबर कडक ठेवावं लागतं, आणि ओल्यात धरणारा बनवायचा तर मऊ, आता सिलिका वगैरे घालून दोन्ही बरंच जमवतात पण ओढाताण असतेच. तुमचं वर्षाला सहा-सात हजार किमीच होतंय, ४४ हजाराला सहा-सात वर्षं लागली. मग ८० हजार चालणारा टायर घेऊन करणार काय, तो अर्धा झिजायच्या आत वयाने म्हातारा होणार. तुम्ही ओल्यात चांगला, लांब आणि रुंद सरळ खाचा असलेला टायर घ्या. ज्याचं रोज पुणे-सातारा होतं त्याला मी वेगळा देईन. केंद्र सरकारने ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) आणि आवाज ह्या तीन गोष्टींचे निकष लावलेत, नव्या डिझाइनच्या टायरना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्या डिझाइनना २०२३ मधे, तेव्हा त्याच्या आधी बनलेला जुना माल कुणी डिस्काउंटमधे देत असेल तर सोडून द्या. खूप शांत आणि आरामदायक टायरची साईडवॉल साधारण मऊ असते, खड्ड्यात आपटला की फुगा लवकर येतो, तुमच्या गावचा रस्ता कसा आहे ते तुम्हालाच माहिती.

विकत घेताना चारही टायरचे आठवडा-वर्षाचे आकडे स्वतः वाचा. चार-सहा महिन्यांपूर्वीचा चालतो, तो दुकानात सावलीत असतो, त्याला काही होत नाही. वर्षाच्या वरचा मी स्वतः घेणार नाही, त्याच पैशात ताजा मिळतो तर का घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा भाव विचारताना बिल पक्कं आणि नव्या टॅक्सचं आहे ना ते बघा, बिलाशिवाय वॉरंटी नाही. वॉरंटी पण बनावटीतल्या दोषाला असते, खड्ड्यात आपटून आलेला फुगा त्यात बसत नाही, काही कंपन्या त्यासाठी वेगळी स्कीम देतात ती लेखी घ्या.

सेकंडहँड टायर अजिबात नको. गुळगुळीत टायरवर गरम ब्लेडने परत खाचा कापून, काळा पॉलिश मारून विकतात, वरून नवा दिसतो आणि खाली तारेच्या थरावर जेमतेम रबर उरलेलं असतं.

हवेवर येतो, कारण नागपूरच्या प्रवासात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. उन्हाळ्यात हवा गरम होऊन वाढते म्हणून दोन-चार पॉइंट (पीएसआय) कमी ठेवा, हा सल्ला पेट्रोल पंपापासून नातेवाईकांपर्यंत सगळे देतात आणि तो उलटा आहे. टायर फुटतो तो हवा जास्त झाल्याने फार कमी वेळा, कमी हवेने जास्त वेळा. हवा कमी असली की साईडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि सरळ होते, त्या वाकण्याने आत उष्णता तयार होते, वेग जितका जास्त तितकी ती बाहेर पडायला वेळ कमी, शेवटी रबर आणि आतला धागा सुटतो आणि टायर एकदम फाटतो. स्टिकरवर समजा ३३ असेल आणि सकाळी थंड टायरमधे तुम्ही ३३ भरली, तर दुपारी चालून चालून ती ३७-३८ होईल, होऊ द्या. टायरच्या साईडवॉलवर कमाल दाब बऱ्याचदा ४४ किंवा ५१ लिहिलेला असतो, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. गरम टायरची वाढलेली हवा थांबून सोडून देणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण थंड झाल्यावर तीच हवा २८-२९ वर येते. तर सकाळी निघण्याआधी, गाडी तीन-चार तास उभी असताना, स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जो वेगळा आकडा दिलेला असतो तेवढी भरा, पाच माणसं आणि सामान असणारच. स्वतःचं गेज ठेवा, पंपावरची मशीन दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे असतात. नायट्रोजन भरला तर वाईट काही नाही, दाब जरा हळू उतरतो, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे, पैसे देऊन भरायचा आणि मग तीन महिने बघायचंच नाही असं होणार असेल तर साधी हवा पंधरा दिवसांनी तपासलेली बरी.

समृद्धीवर सिमेंटचा सरळ रस्ता आहे, वेग कमी करायचं कारणच येत नाही, त्यामुळे टायरला थंड व्हायला सवड मिळत नाही. दीड-दोन तासांनी थांबा, चारी चाकांच्या साईडवॉलला हाताचा मागचा भाग लावून बघा, एक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्यात बहुतेक हवा कमी आहे. आणि तरीही कधी फुटलाच तर ब्रेक जोरात मारू नका, स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळू सोडा, गाडी आपोआप मंद झाली की मग कडेला घ्या.

फिटिंगच्या दिवशी. जुने पुढचे टायर टाकून द्यायच्या आधी त्यांची झीज बघा, तुमच्या गाडीचा आजार तिथे दिसतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधे नक्षी आहे तर हवा कायम कमी होती. मधलाच पट्टा गेला तर जास्त. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली तर अलाइनमेंट, आणि थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे असतील तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं). हे दुरुस्त न करता नवे टायर टाकले तर वर्षभरात त्यांची तीच गत होते. नव्या टायरसोबत रबरी व्हॉल्व्ह चारही नवे घाला, किंमत नगण्य आहे आणि जुना व्हॉल्व्ह मुळाशी चिरला की हायवेवर हवा एकदम जाते. रिम आतून घासून साफ करायला सांगा, बॅलन्सिंग चारही चाकांचं, मग अलाइनमेंट, आणि अलाइनमेंटचा आधीचा-नंतरचा रिपोर्ट हातात घ्या. साईडवॉलवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने, आणि आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, मशीनवर घाई असली की हे उलटं होतं, बाहेर पडण्याआधी चक्कर मारून बघा. नट हवेच्या गनने आवळून सोडून देतात, ते नको, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने (ठरलेल्या ताकदीएवढंच आवळणारा पाना) करायला लावा, नाहीतर रस्त्यात पंक्चर झालं तर तुमच्या पान्याने नट हलणारच नाहीत. शंभरेक किमीनंतर एकदा परत तपासा. पहिले दोन-तीनशे किमी जरा सांभाळून चालवा, नव्या रबरावर साच्यातून काढताना लावलेला थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. म्हणजेच नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी टायर बदलू नका, आठवडाभर आधी.

पुढे दर आठ-दहा हजाराला पुढचे मागे, मागचे पुढे. पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर दोरीवाली स्ट्रिप शहरात चालून जाते, पण हायवेच्या गाडीला टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्या, पाणी आतल्या तारेपर्यंत जात नाही. साईडवॉलला काहीही झालं, छिद्र असो की फुगा, त्याला दुरुस्ती नाही.

आणि स्टेपनी उघडून बघा. तीही २०१९ ची आहे, डिकीत पडून असल्याने उन्हाने नाही तरी वयाने जुनी झालेलीच, हवा बहुतेक १५-२० वर उतरलेली असेल. वरच्या मॉडेलला बऱ्याच गाड्यांत लोखंडी रिमची वेगळ्या साईझची स्टेपनी देतात, तुमची तशी असेल तर ती पुढच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत ताशी ८० च्या आत चालवायची एवढंच तिचं काम, तीवर नागपूर गाठायचं नाही. जॅक आणि पाना जागेवर आहेत का, तेही त्याच वेळी बघून घ्या.